परेशच्या उरलेल्या गोळ्या

प्रिय आई,

सिझरनंतर मला ताप आला, तेव्हा आपल्या परेशच्या दाढदुखीच्या वेळच्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या तू मला मायेनं दिल्यास. ताप उतरला, पण आत पू साचत राहिला. हॉस्पिटलात डॉक्टरांनी दोनदा औषध बदललं. लागू पडणारं सापडेपर्यंत उशीर झाला आणि गर्भपिशवी काढावी लागली.

"अर्धवट गोळ्यांनी दुखणं झाकलं गेलं," डॉक्टर म्हणाल्या.

"आईला सांगू नका," मी हात जोडले. तुला 'पिशवी साफ केली' एवढंच सांगितलं.

तू अजून विचारतेस, "छोटीला भाऊ कधी?"

काल दिवस भरत आलेल्या सलोनीला म्हणालीस, "सिझरला घाबरू नको. ताईला दिलेल्या गोळ्या अजून आहेत."

हे पत्र पाठवत नाही. वाचताना तू एकटी असशील. उद्या आगाशीला येते आणि तुझ्याजवळ बसून सांगते.

तुझीच,
कृतिका