दोन वितींचे छप्पर आणि त्याची मालकीण

मी, खाली सही करणारा, वय एकोणपन्नास, धंदा काडाची छपरे शाकारणे, आज सकाळी आंघोळ, प्रार्थना आणि चहा उरकून, डोके ठिकाणावर असताना, कोणी न सांगता आणि कोणाला न घाबरता हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. अक्षर वाकडे दिसेल. ते उजव्या हाताच्या तीन बोटांमुळे आहे, बुद्धीमुळे नव्हे. पुढच्या आठवड्यात डॉक्टर माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. त्यासाठी त्यांनी चार कागदांवर माझ्या सह्या घेतल्या. दुसऱ्यांच्या कागदांवर इतक्या सह्या केल्या, तर एक आपल्याही कागदावर करावी असे मनात आले. भीती वाटत नाही. देवाने मला एकदा छपरावरून पाडून जिवंत ठेवले आहे, तेव्हापासून त्याच्या मनातले ओळखायचा नाद मी सोडला आहे.

हे सगळे कशासाठी, ते आधीच सांगतो. माझी हत्यारे, कामाची शेड आणि धंदा माझ्या मुलीला मिळावा आणि त्यात कोणी आडवे येऊ नये. माझा थोरला भाऊ, ज्याला मी दादा म्हणतो, त्याचे म्हणणे असे की हत्यारे आमच्या वडिलांची, म्हणून ती घराण्यातल्या मुलाकडे, म्हणजे त्याच्या मुलाकडे गेली पाहिजेत. दादाचे पत्र्यांचे दुकान आहे. पुतण्या ते चालवतो आणि चांगले चालवतो. हत्यारे मिळाली तर तो ती दुकानाच्या भिंतीवर टांगेल. भिंतीला शोभा येईल, पण एकही छप्पर शाकारले जाणार नाही.

कलम पहिले. राहते घर आणि बँकेतली ठेव माझ्या पत्नीला. ठेवीचे काय करावे हे तिला सांगण्याची माझी प्राज्ञा नाही. घरात काड आणायचे नाही हा तिचा नियम मी सव्वीस वर्षे मोडत आलो. मुलीने तो मोडू नये, पाय दारातच झाडावेत.

कलम दुसरे. दोन लोखंडी दाभणे, काड ठोकून सारखे करण्याची थापी, ते विंचरण्याची फणी, विळे, दोन शिड्या, वडिलांच्या चामडी गुडघेपट्ट्या आणि मागच्या अंगणातली शेड, हे सर्व माझ्या एकुलत्या एका मुलीला. वकील म्हणाले, कारण लिहायची कायद्याला गरज नाही. मला आहे, म्हणून लिहितो.

चार वर्षांपूर्वी मी एका गोठ्याच्या आढ्यावरून खाली आलो. मोडलेले पाय जुळले, पण उजव्या हाताची तीन बोटे मिटेनाशी झाली. ज्या हातात दाभण राहत नाही तो हात आमच्या धंद्यात संपला. त्याच सुमारास प्रार्थनाघराच्या समितीने ठरवले की तिथले जुने काडाचे छप्पर उतरवून पत्रे घालायचे. ते छप्पर माझ्या वडिलांनी शाकारलेले, वीस वर्षे मी डागडुजी केलेले. समितीत पाच जण. अध्यक्ष आमच्या शाळेतले निवृत्त गुरुजी. दादाही समितीत, आणि अर्थातच पत्र्याच्या बाजूने. मी जाऊन विनंती केली. गुरुजी म्हणाले, "अरे, काडाचं छप्पर गळतंच. आणि नवं घालणार कोण? तू?"

मी म्हटले, "एक महिना द्या. छप्पर दाखवतो."

मला बारक्या नमुन्याचे म्हणायचे होते. प्रार्थनाघराच्या मापाने, दोन वीत लांबीचे. पण नमुना म्हटले की लोक खेळणे समजतात. मला खरेच छप्पर हवे होते, फक्त लहान. तेच वासे, तोच उतार, पेंढीवर पेंढी बांधलेली, कुठे डिंकाचा थेंब नाही.

माझी मुलगी तेव्हा शिंप्याच्या दुकानात काज-बटणे करायची. हात माझा नव्हता, म्हणून तिचा मागितला. संध्याकाळी दोन तास ती शेडमध्ये बसे, मी शेजारी बसून सांगे. इथे माझी चूक लिहून ठेवतो, कारण या कागदात दुसऱ्यांच्या चुका बऱ्याच येणार आहेत. छप्पर लहान, तर काडही बारीक हवे, म्हणून मी तिला गव्हाचे काड ब्लेडने उभे चिरायला लावले. ती म्हणाली, "बाबा, नळी फोडली की तिची पन्हळ होते. पाणी आत धरेल."

मी म्हटले, "मी तीस वर्षं काड हाताळतोय, तू तीन दिवस."

बारा दिवसांत छप्पर तयार झाले, इतके देखणे की पत्नीने ते घरात ठेवायची परवानगी दिली. अंगणात नेऊन त्यावर तांब्याभर पाणी ओतले. छपराने ते सगळे पिऊन घेतले आणि सावकाश खालच्या ताटात सोडले. मुलीने ताट उचलून मोरीत ओतले. ते पाणी पडल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

मग तिनेच मार्ग काढला. ओंबीच्या लगेच खाली काडाचे जे शेवटचे पेर असते ते सगळ्यांत बारीक, गुळगुळीत, आणि न चिरता गोल राहते. मशीनमधून गेलेल्या काडात ते चिरडलेले असते, म्हणून आम्ही उभ्या शेतात बसून कात्रीने एकेक कापले. शेतमालक विचारत होता, "गव्हाचे केस कापताय काय?" तिने करंगळीएवढ्या पेंढ्या केल्या, मेण लावलेल्या दोऱ्याने बांधल्या. दाभणाच्या जागी रफूची सुई, थापीच्या जागी लाकडी चमचा, फणी तिची स्वतःची. वळचणीपासून सुरुवात करून, प्रत्येक थर खालच्याला दोन तृतीयांश झाकील असा, ती आढ्यापर्यंत गेली. मोठ्या छपरावर पहिली पेंढी ठेवताना मी तिला कपाळ लावतो. हिने सुईच्या टोकावर धरलेल्या पेंढीला कपाळ लावले. मी तिला ते कधी शिकवले नव्हते.

महिना संपला त्या दिवशी सकाळी दहा वाजता आम्ही छप्पर समितीच्या टेबलावर ठेवले. खाली कोरड्या पिठाची ताटली. मुलगी मागे भिंतीला टेकून उभी होती. सगळ्यांना वाटले, बापाचे ओझे उचलायला आली आहे.

गुरुजींनी झारीने पाणी घातले. एक झारी. दुसरी झारी. पाणी वळचणीवरून पडद्यासारखे उतरत होते.

दादा म्हणाला, "असा सरळ पाऊस कुठे पडतो? पंखा लावा."

पंखा लावला. टेबलाभोवतीचे सगळे भिजले. तिसरी झारी दादाने स्वतः घेतली, खुर्चीवर चढला आणि उंचावरून ओतली. त्याने झारी खाली ठेवली. गुरुजींनी छप्पर दोन्ही हातांनी उचलले. दादाने पिठात बोट घातले, विश्वास बसेना म्हणून ताटली तोंडाजवळ नेऊन फुंकर मारली. ओले पीठ उडत नाही. हे उडाले आणि त्याच्या मिशीवर बसले.

गुरुजी म्हणाले, "हात मोडला, पण तुझं कसब नाही मोडलं रे."

मी म्हटले, "कसब माझं नाही, गुरुजी. ते मागे भिंतीला टेकून उभं आहे. यातली एकही गाठ माझी नाही. माझ्या बोलण्यानं केलेलं होतं, ते गळलं. हे हिचं आहे."

दादा मिशी पुसत म्हणाला, "इथपर्यंत ठीक आहे. पण बाईमाणूस शिडीवर चढणार?"

मुलगी म्हणाली, "काका, वर बाई चढली का बाप्या, ते शिडीला कळत नाही. तिला वजन कळतं. आणि माझं तुमच्या मुलाच्या निम्मं आहे."

गुरुजी आधी हसले, मग बाकीचे तिघे. मते मोजली, चार विरुद्ध एक. पुढचे अकरा आठवडे मी प्रार्थनाघरासमोर खुर्ची टाकून बसलो आणि माझी मुलगी दोन गडी हाताशी घेऊन वर होती. मी ओरडून सूचना द्यायचो. तिसऱ्या आठवड्यापासून तिने ऐकणे बंद केले. चौथ्या आठवड्यात मला कळले की तिचे बरोबर आहे. त्याच पावसाळ्यात एकदा चार दिवस पाऊस थांबला नाही. झाडलोट करणारी बाई मला सांगत आली, "बादल्या मांडल्या होत्या सवयीनं. कोरड्याच्या कोरड्या उचलल्या." त्या वाक्यासाठी मी देवाचे आभार मानायला गुडघ्यांवर बसलो. उठायला दोघे लागले.

कलम तिसरे. दोन वितींचे छप्पर. समितीला ते काचेच्या कपाटात हवे आहे, दादाच्या दुकानालाही गंमत म्हणून हवे होते. मी ते कोणालाही देत नाही, कारण ते माझे नाही. ते मुलीने केले, मुलीचे आहे, आणि जे आपले नाही ते मृत्युपत्रात देता येत नाही. एवढे नोंदवण्यासाठीच हे कलम आहे. कपाटाबद्दल तिला विचारावे.

कलम चौथे. पहिले, गळके छप्पर मात्र पूर्णपणे माझे आहे. ते फेकू नये. शेडच्या दारावर टांगावे. पुढे मुलीच्या हाताखाली कोणी शिकायला आले आणि तिला "मी जास्त जाणते" असे वाटू लागले, तर तिने एकदा वर पाहावे.

कलम पाचवे. जुने हिशेब. चौथीत असताना गुरुजींनी मला वर्गाबाहेर उभे केले आणि म्हणाले, "याच्या डोक्यात काड भरलंय." मी त्यांना माफ करतो. माफी मालमत्तेत धरत नाहीत, म्हणून ती घेऊनही त्यांना साक्षीदार होता येते, असे वकिलांनी सांगितले. मी ज्या गोठ्यावरून पडलो त्याच्या मालकालाही माफ करतो. त्याचा वासा किडका होता आणि त्याला ते माहीत होते. गोठ्याच्या नव्या छपराचे काम मात्र मुलीने वासे बदलल्याशिवाय घेऊ नये.

कलम सहावे. मी गेल्यावर मला अर्धा तास प्रार्थनाघरात, त्या छपराखाली, चेहरा उघडा आणि वर करून ठेवावे. ते पुरे होईपर्यंत मी बाहेर खुर्चीवर होतो. आतून निवांत पाहायचे राहून गेले आहे.

कलम सातवे. दादाला आणि पुतण्याला मी काहीही ठेवलेले नाही. हा राग नाही. ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील म्हणाले, आणि मला दुसरा साक्षीदार दादाच हवा होता. ज्याला हरकत आहे त्यानेच सही केली, की हरकत उरत नाही. मी निरोप पाठवला. येईल असे वाटले नव्हते.

तो आला आहे. हे शेवटचे लिहीत असताना तो समोर बाकावर बसून मागची पाने वाचतो आहे. मुलगी शेडच्या दारात पेंढ्या बांधते आहे. आमचे बोलणे झाले ते असे.

"यात माझ्या मुलाला काही नाही?"

"नाही."

"बाबांची थापीसुद्धा?"

"नाही, दादा."

तो बाहेर बघू लागला. मुलीने पेंढी गुडघ्याखाली दाबली, दोरा ओढला, गाठ मारली, तोडला. दुसऱ्या पेंढीलाही त्याने तेच बघितले, मग तिसरीला. चौथीच्या वेळी म्हणाला, "बाबा असाच गुडघा द्यायचे."

मग तो तिला मोठ्याने म्हणाला, "काय गं, धंदा करतेस आणि दारावर पाटी नाही? गिऱ्हाईक काय वास घेत येणार? पत्र्याची पाटी देतो करून. काडाची तर काही लावता येणार नाही."

ती मान वर न करता म्हणाली, "द्या की. पण काका, नाव माझं घाला. बाबांचं नको."

दादाने माझ्याकडे पाहिले. मी त्याच्यापुढे पेन धरले.

(सही) मृत्युपत्र करणारा

साक्षीदार पहिला: निवृत्त शिक्षक, प्रार्थनाघर समितीचे अध्यक्ष. (सही)

साक्षीदार दुसरा: मृत्युपत्र करणाऱ्याचा थोरला भाऊ, पत्र्याचा व्यापारी. सगळे वाचले. पाटीवर नाव पुतणीचेच राहील. (सही)

स्थळ: कामाची शेड, मागचे अंगण
दिनांक: १४ नोव्हेंबर, सकाळी साडेअकरा