गाजराचा उखाणा

माय, तुला वाचता येत नव्हतं हे माहीत असून लिहायला बसले आहे. तू असताना पत्र पाठवलं असतं तर ते अण्णांनीच तुला वाचून दाखवलं असतं, म्हणून रशियातून मी तुला एकही पत्र लिहिलं नाही. गावोगावच्या पोरांना बाराखडी शिकवणाऱ्या मास्तरांना स्वतःच्या बायकोला शिकवायला सवड झाली नाही, आणि तूही कधी हट्ट धरला नाहीस, याचा राग मला तेव्हाही यायचा, आजही येतो. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायचा तर डोळे मिटून बसावं लागतं. तुझे उखाणे मात्र आपोआप आठवतात. लातूरला आपल्या गल्लीत एखाद्या पोरीचं लग्न ठरलं की ती आधी तुझ्याकडे यायची. लाजत लाजत नवऱ्याचं नाव सांगायची आणि तू भाकरी थापता थापता त्या नावाला यमक बसवून द्यायचीस. पोरगी ते पाठ करत घरी जायची.

मी डॉक्टरकी शिकायला रशियात गेले तेव्हा आपल्या घरात फोन एकच, अण्णांचा. रविवारी सकाळी ते स्पीकर लावून फोन मधोमध ठेवायचे आणि आपण त्यांच्यादेखत बोलायचो. जेवलीस का, थंडी किती, परीक्षा कधी. एकदा सांगायला काहीच नव्हतं म्हणून मी सांगितलं की इथले लोक प्रेमाचीसुद्धा टिंगल करतात, त्याच्या मागे गाजर लावतात. ल्युबोफ-मारकोफ. प्रेम-गाजर. तू म्हणालीस, "गाजराचा काय संबंध गं?" मी म्हटलं, काही नाही, नुसतं जुळतं म्हणून. "म्हंजे आपलं प्रेम-बिमच की!" असं म्हणून तू एवढी हसलीस की अण्णांनी फोन स्वतःकडे ओढला. पुढे दर रविवारी तुला नवीन काहीतरी हवं असायचं. चोरून चाललेल्या प्रकरणाला ते शुरी-मुरी म्हणतात, हे तुला लई आवडलं. एक मुलगा नि एक मुलगी बरोबर दिसले की तिथली चिल्लीपिल्ली कणकेशी यमक जुळवून त्यांना नवरा-नवरी म्हणून चिडवतात, हे ऐकून तू म्हणालीस, "कणीक बरी हाय, गाजरापरीस."

मग माझ्या आयुष्यात खरंच कुणीतरी आलं. माझ्याच वर्गातला, कंधारचा, बौद्ध घरातला. अण्णा अंघोळीला गेले तेवढ्यात मी तुला सांगितलं. तू हळूच विचारलंस, "चांगला हाय का?" मी हो म्हटलं. त्यानंतर अण्णा समोर बसलेले असताना तू बिनधास्त विचारायचीस, "काय गं, तिकडं गाजर कसं हाय?" मी म्हणायचे, झकास आहे. अण्णा म्हणायचे, भाज्या मिळतात म्हणजे बरं आहे. आपल्या दोघींचं असं काही पहिल्यांदाच होत होतं. लहानपणी तू मला कधी जवळ घेतल्याचं आठवत नाही, पण त्या दिवसांत तू माझी मैत्रीण होतीस. एका रविवारी तर तू त्याच्या नावाचा उखाणाच करून ठेवला होतास. अण्णा दार उघडायला गेले आणि तू घाईघाईनं म्हणालीस, "रशियाच्या बर्फात गाजराची लाली, अमुकरावांची डॉक्टरीण लातूरला आली." अमुक मी आत्ता लिहिते आहे, तू त्याचं नाव घेतलं होतंस. त्या दिवशी बर्फातून कॉलेजला जाताना मी ते मोठ्यानं म्हणत गेले. तू माझ्या बाजूनं आहेस, असं मी धरून चालले.

शिक्षण संपवून मी घरी आले आणि जेवताना विषय काढला. तू तव्यापाशी, अण्णा पाटावर. त्यांनी ताट बाजूला सरकवलं. "आपल्यात असलं चालत न्हाई," एवढंच मला म्हणाले, आणि मग तुझ्याकडे वळले. "तुला ठाव होतं का?" भाकरी फुगली होती. तू ती उलटलीस आणि म्हणालीस, "मला कुठलं ठाव? आडाणी बाई मी. मला काय कळतंय त्यातलं." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. तू हो म्हणाली असतीस तर अण्णा बदलले असते, असं मला वाटत नाही. माझं लग्न त्याच्याशी लागलंच असतं असंही नाही. पण त्या स्वयंपाकघरात आपण दोघी झालो असतो. तू मला एकटीला टाकलंस, माय, आणि तेही माझ्याशी गोड बोलून झाल्यावर.

नंतरही तू यावर कधी एक शब्द काढला नाहीस. नांदेडचं स्थळ आलं, सुपारी फुटली, लग्नही नांदेडलाच लागलं आणि तू नि अण्णा वरातीबरोबर आलात. वरात दारात आल्यावर बायकांनी उंबऱ्यावर वाट अडवली, नाव घे, नाव घे. तू गर्दीतून पुढे आलीस, माझ्या कानाशी लागलीस आणि सांगितलंस, "रशियाच्या बर्फात गाजराची लाली…" फक्त नाव बदललं होतंस आणि लातूरच्या जागी नांदेड घातलं होतंस. लगीनघाईत तुला दुसरं सुचलं नसेल. की चांगला उखाणा वाया कशाला घालवायचा, असं वाटलं? गल्लीतल्या प्रत्येक पोरीला नवं यमक देणाऱ्या बाईनं स्वतःच्या लेकीला उष्टं द्यावं! मी तो म्हटला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. अण्णा खुश झाले, म्हणाले, रशियाबिशिया सगळं आलं त्यात.

माझा नवरा वाईट नाही. दवाखाना चालतो, मुलं शिकताहेत, आणि सगळं नीट असल्यामुळे मला रडायला कारणच उरलेलं नाही. तो, कंधारचा, आता लातूरला असतो, हाडांचा डॉक्टर झाला. एखाद्या कार्यक्रमात समोर आला तर नमस्कार करतो आणि पोरांची चौकशी करतो. तुझ्या शेवटच्या दुखण्यात मी तुझ्या उशाशी बसले, औषधं दिली, अंग पुसलं. प्रत्येक वेळी वाटायचं आता बोलशील. तू विचारायचीस, पाणी गरम केलं का.

अण्णा आता माझ्याकडेच असतात. थकले आहेत, काठी टेकत घरभर फिरतात. मी रागावले तर मुकाट्यानं ऐकून घेतात. त्यांना घाबरण्यासारखं आता काही राहिलेलं नाही. मगाशी हे लिहिताना ते दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "काय लिहायलीस गं एवढं?" मी कागदावर हात ठेवला. म्हटलं, "काही नाही अण्णा, पेशंटचं हाय." माय, किती पटकन आलं गं तोंडातून.