तपासणी खात्यातलं आयलायनर

चिंचवड,
गुरुवार, ७ मार्च १९७४

तीर्थरूप चारुआत्याला पद्मजाचा एका डोळ्याने वाकून नमस्कार. (दुसऱ्या डोळ्यावर खोबरेल तेलाचा बोळा आहे. घाबरू नकोस, डोळा शाबूत आहे; त्याच्या आसपासचा मुलूख तेवढा अजून काळा आहे.) तुझी तब्येत, आतोबांचा गुडघा आणि तुमच्या टेलिफोन एक्स्चेंजमधली तुझ्यावर जळणारी ती बाई, तिघांचंही कसं काय चाललंय ते कळव. पहिल्या दोघांत सुधारणा व्हावी आणि तिसरी आहे तशीच राहावी, म्हणजे तुझ्या पत्रांची चव जाणार नाही. इकडे आम्ही सगळे खुशाल. नाना खुशाल आहेत, आई नानांवर रागावून खुशाल आहे, आणि मी कशी आहे ते पुढे वाचून तूच ठरव.

वाढदिवसाची डबी पोचली. सहा रंगांची आयशॅडो, आयलायनरची इवलीशी बाटली आणि तुझ्या सूचनांचे दोन कागद. डबी उघडल्यावर आई म्हणाली, "चारूवन्संना वाटतं की आपली पदू नाटक कंपनीत लागलीय." आता मी कुठल्या कंपनीत लागले आहे आणि तिथे काय करते हे तू दर पत्रात विचारतेस, आणि मी "तपासते" एवढंच लिहून मोकळी होते. आज नीट सांगते, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही. आमच्या कारखान्यात स्कूटरच्या कार्बोरेटरमध्ये बसणारे जेट तयार होतात. जेट म्हणजे करंगळीच्या नखाएवढा पितळी स्क्रू, त्याच्या मधोमध केसाएवढं भोक. भोकाच्या कडेला पितळेचा बारीकसा कण जरी चिकटून राहिला तरी ती स्कूटर रस्त्यात मधेच रुसते. तो कण शोधणं हे माझं काम. मायक्रोस्कोपला डोळा टेकवायला एक रबरी वाटी असते, तीत उजवा डोळा घालून मी दिवसभर भोकं बघते. (आई हे शेजारी सांगताना "पद्मजा सायन्समध्ये आहे" असं सांगते.) मी, नीलिमा आणि यशोदा अशा तिघीजणी सप्टेंबरपासून प्रोबेशनवर आहोत. त्याआधी या खात्यात बाईमाणूस नव्हतंच. या शनिवारी आमचे सहा महिने भरतात, आणि मग कायमचं पत्र मिळतं किंवा नारळ. आत्या, हसू नकोस, पण मला हे काम फार आवडतं. चांगलं भोक किती सुंदर असतं हे बघितल्याशिवाय कुणाला पटणार नाही.

आता अण्णासाहेब. हे आमच्या खात्याचे मुख्य. पद्धत अशी की मुलीने ट्रे तपासला की अण्णासाहेबांनी त्यातले पाच जेट उचलून, आमच्याच मायक्रोस्कोपमधून पुन्हा बघायचे, आणि मग चिठ्ठीवर "फेरतपासणी केली" असं लिहून सही ठोकायची. गेल्या महिन्यात गिऱ्हाईक कंपनीकडून दोन लॉट परत आले. अण्णासाहेबांनी शनिवारी वरती अहवाल पाठवला (टायपिस्ट नीलिमाची मैत्रीण आहे, त्यामुळे आमच्याकडे प्रत आधी आली) की, "मुलींचे डोळे सदैव थकलेले व झोपाळू दिसतात. सबब तिघींना कायम करू नये व पूर्वीप्रमाणे पुरुष कामगार नेमावेत." नीलिमा रडली. यशोदाने अण्णासाहेबांच्या सात पिढ्या उद्धरल्या. मी घरी येऊन आरशात बघितलं तर डोळे खरंच झोपाळू दिसत होते! रोज बाराशे भोकं बघून दुसरं काय होणार? आणि तेव्हा तुझ्या पहिल्या कागदावरचं वाक्य आठवलं: "रोजच्या वापराला योग्य रंग निवडला की डोळे मोठे आणि टवटवीत दिसतात." मी ठरवलं, मंगळवारी वर्क्स मॅनेजर देवस्थळीसाहेब खात्यात येणार आहेत, त्यांना असे टवटवीत डोळे दाखवायचे की अहवाल आपोआप खोटा पडला पाहिजे.

सोमवारी संध्याकाळी निवड सुरू झाली. निळा लावला तर आईने विचारलं, "कुठे आपटलीस?" हिरवा लावल्यावर मी न घासलेल्या तांब्याच्या घंगाळासारखी दिसायला लागले. जांभळ्याने मला गालगुंड झालेल्या माणसाची कळा आली, (गालगुंड डोळ्याला होत नाही हे मला माहीत आहे, पण तू तो रंग बघितलेला नाहीस.) आणि राखाडी लावून काहीच उपयोग नव्हता, तो माझ्या डोळ्यांखाली आधीपासूनच होता. चांदीचा लग्नाकार्याला ठेवावा असं तूच लिहिलं आहेस. उरला तपकिरी. तो तू म्हणतेस तसा खरोखर सभ्य रंग आहे. इतका सभ्य की लावला आहे हे कुणालाच, मलासुद्धा, कळेना. शिवाय पूड पापणीवर टिकायला तयार नाही, पापणी मिटली की गालावर. तुझ्या सूचनेप्रमाणे खाली "किंचित क्रीम" हवं होतं. आमच्याकडे क्रीम नाही, व्हॅसलीन आहे. आणि "किंचित" म्हणजे किती ते तू लिहिलं नव्हतंस. मी भाकरीला लोणी लावतात तेवढं लावलं. त्यावर तपकिरी छान बसला, आणि बाहेरच्या कोपऱ्याला धीर म्हणून थोडा निळा.

मग रेघ. उजव्या डोळ्याची रेघ बरी आली, डाव्याची थोडी वर गेली. उजवी डावीच्या बरोबरीला आणली तर ती जाड झाली. डावी जाड केली तर तिची शेपटी लांबली. अशी उजव्या-डाव्याची भाऊबंदकी होत होत दोन्ही शेपट्या कानाशी पोचल्या, तेव्हा पेपर वाचत बसलेल्या तुझ्या दादाच्या, म्हणजे नानांच्या, सहनशक्तीचा अंत झाला. सत्तावीस वर्षं ड्राफ्ट्समन म्हणून काढलेल्या माणसासमोर अशी रेघ मारणं म्हणजे गवयासमोर बेसूर रेकणं. "सेंटर लाइन कुठाय?" म्हणून ते उठले. तुझ्या सूचनांच्या दुसऱ्या कागदाची मागची बाजू कोरी होती, तिच्यावर त्यांनी माझा डोळा समोरून आणि बाजूने असा दोन्हीकडून काढला, मापं लिहिली, शेपटीचा कोन ठरवला आणि तो कागद भिंतीला चिकटवला. (त्यामुळे दुसरा कागद वाचायचा राहूनच गेला. हे लक्षात ठेव.) मंगळवारी सकाळी सहा वाजता टेबलावर कोपर टेकवून, श्वास रोखून नानांनी दोन्ही डोळ्यांवर अशा रेघा काढल्या की आत्या, काय सांगू! तंतोतंत एकसारख्या. मीच माझ्याकडे बघत राहिले. बाटलीवर पाच मिनिटं वाळू द्यावं असं लिहिलं होतं, पण बस कुणासाठी वाळत बसत नाही.

कामाला बसले. डोळा वाटीत घातला, भोकं बघितली, सगळं ठीक. तासाभराने भीमराज माझ्या मायक्रोस्कोपशी आला. भीमराज म्हणजे आमचा मशीन सेटर. भोक वाकडं आलं की ड्रिल बदलायच्या आधी तो स्वतः बघून जातो. तो बघून गेला. मग नीलिमाचा दिवा गेला म्हणून ती अर्धा तास माझ्या जागेवर बसली. मग तानुबाई. ही महाळुंग्याहून येते, ट्रे ने-आण करते, आणि रोज एकदा "बगू द्या की माझी भोकं" म्हणून डोकावल्याशिवाय तिचा दिवस जात नाही. अकरा वाजता स्वतः देवस्थळीसाहेब आले. माझ्या टवटवीत डोळ्यांकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही, खाली बसले आणि एका ट्रेमधले चाळीसच्या चाळीस जेट शांतपणे बघून गेले. जाताना वळले, आणि मला दिसलं. साहेबांच्या उजव्या डोळ्याभोवती, कंपासने काढावं तसं काळंभोर वर्तुळ, आणि त्याला कडेने निळी छटा! मागे वळून बघते तो नीलिमाला तसंच, तानुबाईला तसंच. लांबवर मशीनवर वाकलेल्या भीमराजलाही तसंच. तुझी शाई आणि माझं व्हॅसलीन यांनी रबरी वाटीत संसार थाटला होता, आणि जो येईल त्याला आहेर चालला होता.

साहेबांना कोण सांगणार? ते तसेच गिऱ्हाईक कंपनीच्या माणसाशी मीटिंगला गेले. असं कळतं की तो गृहस्थ तक्रारीचे अकरा मुद्दे घेऊन आला होता, आणि साहेबांच्या डोळ्याकडे बघत बघत त्याला त्यातले तीनच आठवले. इकडे कँटीनमध्ये जो तो दुसऱ्याला हसत होता आणि स्वतःचं कुणालाच माहीत नव्हतं. मी मात्र ताट तसंच बाजूला सरकवलं. शनिवारचं पत्र गेलं असं धरून चालले होते. माझं गेलं तर गेलं, पण माझ्या नटण्यापायी नीलिमाचं आणि यशोदाचंही जाणार, या विचाराने रडू येत होतं, आणि रडताही येत नव्हतं, कारण रेघ नानांची होती.

अडीच वाजता साहेब परत आले. तोंड तीन वेळा साबणाने धुतल्यामुळे लाल, आणि वर्तुळ जसंच्या तसं. सगळ्यांना बोलावलं. अण्णासाहेब पुढे उभे, हात मागे बांधून, आता तमाशा बघायला मिळणार या आनंदात. "हे काय आहे?" साहेबांनी स्वतःच्या डोळ्याकडे बोट करून विचारलं. मी पुढे झाले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं: तुझी डबी, व्हॅसलीन, नाना, बस. अण्णासाहेब म्हणाले, "साहेब, मी लिहिलंच होतं. यांचे डोळे कामावर नाहीत, आरशात आहेत."  साहेब एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. तेवढ्यात तानुबाई, जिला कुणी काही विचारलं नव्हतं, ट्रे कमरेवर घेऊन म्हणाली, "पर सायेब, ज्यानं ज्यानं बगितलं त्याला लागलंय न्हवं? मग अण्णासायबांचा डोळा कोरा कसा काय हाय?"

आत्या, सगळ्या खात्याच्या माना अण्णासाहेबांकडे वळल्या. साहेबांनी माझ्या टेबलावरच्या चिठ्ठ्या मोजल्या. सकाळपासून बावीस ट्रे, बावीस वेळा "फेरतपासणी केली", बावीस झोकदार सह्या. अण्णासाहेब म्हणाले, "मी डाव्या डोळ्याने बघतो." सगळ्यांनी डावा डोळा बघितला. तोही आंघोळ केल्यासारखा स्वच्छ. मग ते म्हणाले, "मी नंतर पुसलं." त्यावर भीमराज हात पुसत पुसत म्हणाला, "कशानं पुसलं राव, तेवढं आम्हाला पण सांगा. मी रॉकेल लावून दमलो." आणि साहेब, तीन वेळा साबण लावलेले साहेब, पहिल्यांदा हसले. ते हसल्यावर मग बाकीचे जे सुटले ते चहाच्या भोंग्यापर्यंत थांबले नाहीत. यशोदाला तर खाली बसवावं लागलं. नंतर ऑफिसात काय झालं ते ठाऊक नाही, पण परत आलेल्या लॉटच्या चिठ्ठ्या काढल्या, त्यांवर आम्ही बाद केलेले जेट वेगळे लिहिलेले निघाले, आणि अण्णासाहेबांनी ते न बघताच चांगल्यात ओतून सही केली होती हेही निघालं. कालपासून अण्णासाहेब मायक्रोस्कोपवर बसतात. सहा महिने उंटावरून शेळ्या हाकल्या, आता शेळी म्हणजे काय ते जवळून बघताहेत. शिवाय नोटीस लागली आहे की मायक्रोस्कोपवर बसणाऱ्या कुणीही डोळ्यांना काही लावून येऊ नये, आणि साहेबांनी आम्हा तिघींना सांगितलं की तुम्ही कायम झालात असं समजा. मी घरी येईपर्यंत रस्त्यात तीनदा एकटीच हसले. आईने साखर वाटली.

रात्री नानांनी भिंतीवरचा कागद काढला तेव्हा त्याच्या पाठीवर तुझं अक्षर दिसलं: "साबण लावू नये, फक्त खोबरेल तेलाने निघते." तो कागद मी दुसऱ्या दिवशी सगळ्या खात्याला वाचून दाखवला. दुकानातलं खोबरेल संपलं आहे.

इथेच थांबते. आतोबांना नमस्कार, तुझ्या पायांवर डोकं, आणि डबीबद्दल लाख लाख उपकार.

तुझीच,
पद्मजा

ता. क. "कायम झालात असं समजा" असं मी वर लिहिलं आहे त्यातल्या "समजा"वर जरा लक्ष दे. पत्रं टाइप होऊन पडली आहेत, सही व्हायची आहे. मंगळवारी साहेब डोळ्याभोवती बाईमाणसाचं आयलायनर आणि निळा रंग घेऊन घरी गेले, आणि मायक्रोस्कोपच्या हकिकतीतलं एक अक्षरही त्यांच्या सौ. पद्मावतीबाईंना पटलेलं नाही. साहेब मला म्हणाले, "तुमचं सोमवारी करू. आधी मी घरी कायम होतोय का बघू दे." बाईंची अट अशी की ती डबी, ती बाटली आणि ती रेघ काढणारी व्यक्ती रविवारी चार वाजता त्यांच्यासमोर हजर व्हावी, आणि त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांवर तशीच्या तशी रेघ काढून दाखवावी. तेव्हा हे पत्र मिळताच निघ. पुण्याला उतरून बसने मागे चिंचवडला ये.

आणखी एक. तू म्हणशील, रेघ काढणारा माझा दादा घरातच बसलाय, मला कशाला दगदग? खरं आहे. नानांनी काल सराव म्हणून आईच्या डोळ्यांवर रेघा काढल्या. माप नाही, सेंटर लाइन नाही, पहिल्या फटक्यात दोन्ही एकसारख्या. आई "शी, काहीतरीच!" म्हणाली आणि तेव्हापासून तिने तोंड धुतलेलं नाही. पण त्यानंतर तिने बाटली उचलून कपाटात ठेवली, किल्ली कमरेला लावली, आणि सांगितलं की पद्मजाची नोकरी राहो अथवा जावो, हे दुसऱ्या कुठल्याही बाईच्या डोळ्यांवर रेघ काढणार नाहीत. बाटली ती फक्त तुझ्या हातात देणार आहे, म्हणून रेघ काढणारी व्यक्ती म्हणून तू ये.