सालटातलं अंडं

८ एप्रिल १९५६, रविवार

घात झाला! सासूबाईंना मी अंडं चारलं!

यांचे कंपनीतले चौघे सोबती आज जेवायला होते. मग काय, 'सालट' हवंच. खडकीच्या लष्करी मेसमध्ये बाबा साहेबलोकांसाठी सॅलड करायचे, ते मी लग्न होऊन इथं रहाटणीत आणलं. उकडलेल्या कोंबडीचे बारीक तुकडे, बटाटा, कांदा आणि गार पांढरी चटणी. सासरी चार माणसं जमली की हेच लागतं. सगळ्यांत जास्त आवड सासूबाईंना!

पण त्यांनी गेल्या बीजेला देहूत माळ घातली. माझ्यासाठी. दोनदा माझं अर्ध्यावर गेलं. आता चौथा महिना. "पोर सुखरूप पदरात पडू दे, जन्मात वशाट शिवायची न्हाई," असा नवस केला. म्हणून कोंबडी परसातल्या चुलीवर, भांडी वेगळी, सगळं जपून केलं. फक्त चटणीचं पातेलं आत माठाशेजारी ठेवलं — उन्हात ती फाटते, तेल सुटतं. वळून बघते तर सासूबाई भाकरीशी तीच खातायत! "शालन, दही काय झ्याक घुसळलंस गं!"

दही कुठलं? कच्च्या अंड्याचा बलक, त्यात थेंब थेंब गोडं तेल, लिंबू, मोहरीची पूड — ही बाबांची कृती इथं कुणाला ठाऊक नाही.

९ एप्रिल

नाही बोलले. दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं.

११ एप्रिल

दुपारी ओटीपोटात बारीक कळ आली. भिंतीला धरून उभी राहिले. नवस मोडला — माझ्या हातानं मोडला! थोड्या वेळानं कळ थांबली. विहिरीवर निघाले तर सासूबाईंनी हंडा हिसकावून घेतला. "ठिव खाली! तुला कुणी सांगितलंय?" चेहरा काळाठिक्कर. कळलं की काय त्यांना?

१५ एप्रिल

सासूबाई गुरुवारपासून एकभुक्त. "उपास कशाचा, आत्याबाई?" विचारलं, तर "आसाच" म्हणाल्या. वर बघितलंसुद्धा नाही. सकाळ-संध्याकाळ मारुतीला फेऱ्या चालल्यात. रव्याचे लाडू करून माझ्यापुढं ठेवतात आणि उठून जातात. असा मुका राग नको. शिव्या घाला, पण बोला!

१९ एप्रिल

शेवटी यांना सांगितलं. हसले! "अंड्यात कुठला आलाय जीव? आई काय खाणार तुला?" मग तुम्हीच सांगा म्हटलं, तर लगेच सायकल काढली. दुसरी शिफ्ट आहे म्हणे! मोठे शूर.

२३ एप्रिल

शुक्रवारी जत्रेचं जेवण. मामंजींनी फर्मान सोडलं — "सूनबाई, सालट पायजे बरं का! पाव्हणं दरसाल त्येच इचारत्यात." पाव्हण्यांना सालट म्हणजे दीड-दोन डझन अंडी. इतकी लपवणार कुठं, सासूबाईंच्या देखत फोडू? मग त्या दिवसाचं दही कसलं, ते त्यांना आपसूक कळेल. नाही फोडली, तर सालट कसलं? झोप उडाली आहे माझी.

२७ एप्रिल

दह्यातच केलं. टांगून, घट्ट करून, मोहरी घालून केलं. कोंबडीचं पाणी सुटलं आणि पांढरा रस्सा झाला! मामंजींनी पहिल्या घासालाच मान वाकडी केली. "ह्ये काय गं? आवंदा हात बिघडला व्हय?" पाव्हण्यांत हशा पिकला. मला रडू फुटलं, मी धुराचं निमित्त केलं.

सासूबाई दिवसभर परसात फिरकल्या नाहीत. घरात सगळी जत्रा, आणि त्या आत दार लोटून बसलेल्या. माझं तोंड बघायची इच्छा नाही, दुसरं काय?

पोट सकाळपासून जड आहे. हे असंच गिळून बसले, तर त्या काळजीनंच बाळाला काही व्हायचं.

२८ एप्रिल

उद्या सांगते. सांगतेच! हाकलून दिलं तर खडकीला जाईन.

२९ एप्रिल, रविवार

सांगितलं. पाय धरूनच सांगितलं.

सासूबाईंनी मला उठवून बसवलं. "आगं, अंड्याचं काय घिऊन बसलीस! त्या दिशी तुमी समदी पंगतीत, आन् मी परसात जाऊन वाटीभर सालट खाल्लं. ऱ्हावलंच न्हाई. तुझं नकळत झालं — मी जानूनबुजून खाल्लं गं! तवापासनं तुझ्याकडं बघायची छाती हुईना."

दोन्ही हातांनी माझं पोट धरलं आणि ढसाढसा रडल्या.

"शालन, त्येला काय हुनार न्हाई न्हवं?" — मला विचारत होत्या. मला!