मलम, पंखा आणि आईचे दात

४ फेब्रुवारी, रविवार

आणि दाजींना काय कळतं माझ्या कामातलं? स्वतः आयुष्यभर पंक्चरं काढली, आणि मला विचारतात, तू तिकडे नक्की करतोस तरी काय. दर फोनला तेच. आजही ताईच्या हातातून फोन काढून घेतला आणि म्हणाले, काय म्हणतोय आमचा ग्रीसवाला? म्हटलं, ग्रीसवाला नाही दाजी, मेंटेनन्स. म्हणाले, बरं बाबा मेंटेनन्स, मग ग्रीस कोण लावतं? मी हॅलो हॅलो करून नेटवर्क गेल्यासारखं केलं.

खरं काय ते इथे लिहून ठेवतो. खोक्यांचा कारखाना. पुठ्ठा वाहून नेणाऱ्या पट्ट्यांच्या बेअरिंगमध्ये ग्रीस भरणं आणि यंत्रांवर बसलेली पुठ्ठ्याची धूळ हवेच्या पाइपने उडवणं, ही दोन खाती माझ्याकडे. म्हणजे बघायला गेलं तर अख्खा कारखाना माझ्यावर फिरतो.

मग आई बोलली. सगळे दात काढल्यापासून तिचं निम्मं कळत नाही, उरलेलं ताई सांगते. डॉक्टरने तोंडात लगदा भरून वरचं-खालचं माप घेतलं, कवळी करायला टाकली. पूर्ण पैसे मी देणार असं मी बोलून बसलोय, दाजींना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. माझ्या पगारात वरचे दात बसतात. खालच्यांचं बघू. मार्ग निघतो.

५ फेब्रुवारी, सोमवार

निघाला!

ऑफिसातला कम्प्युटर आज सारखा तापून बंद पडत होता. खोक्यांवरची लेबलं त्यातूनच निघतात आणि लेबल नाही तर ट्रक हलत नाही. हिशेबबाई त्याचं झाकण काढून समोर टेबलफॅन लावून बसल्या होत्या, तापलेल्या पोराच्या उशाशी बसावं तशा.

साहेब आले. साहेब ओरडत नाहीत. चष्मा काढतात, पुसतात आणि हळू बोलतात. मागे आमच्या खोलीतल्या रंगाऱ्याशी हळू बोलले होते. दुसऱ्या दिवशी त्याची खाट रिकामी. तेव्हापासून साहेबांचा हात चष्म्याकडे गेला की आम्ही खाली मान घालून कामाला लागतो. म्हणजे बाकीचे. मला तसली भीती नाही.

साहेब म्हणाले, मेकॅनिकला बोलवा. बाई म्हणाल्या, तो शनिवारशिवाय येत नाही. मी तिथेच दाराच्या बिजागरीला तेल सोडत होतो. तोंडातून निघून गेलं, साहेब, आतलं मलम वाळलंय, मी बदलतो. साहेब म्हणाले, तुला येतं? म्हटलं, हातचा मळ आहे. म्हणाले, कर मग. जमलं तर ऑफिसच्या मशिनी तुझ्याकडे आणि पगारात वाढ.

वाढ म्हणजे खालचे दात!

जिना उतरताना दोनदा कठडा धरला. सकाळी नीट खाल्लं नव्हतं.

६ फेब्रुवारी, मंगळवार

कम्प्युटरचं मलम बदलायचा एक व्हिडिओ मागे मोबाइलवर पाहिला होता, तो पुन्हा पाहिला. एकदम सोपं. कम्प्युटरचा मेंदू म्हणजे बिस्किटाएवढा चौकोन, त्याला प्रोसेसर म्हणतात. त्याच्या डोक्यावर पत्र्यांचा ठोकळा आणि पंखा. दोघांच्या मध्ये मलम. मलम ओलं असलं की मेंदूची गरमी ठोकळ्यात चढते, वाळलं की मेंदू उकडतो. व्हिडिओतला माणूस शीळ घालत करतो. मला शीळ येत नाही, पण ती लागत नसणार.

दुकानातून मलम आणलं. इंजेक्शनच्या सिरिंजएवढी नळी, किंमत मात्र तोंड वासायला लावणारी. दुकानदार म्हणाला, तांदळाच्या दाण्याएवढंच लावा, जास्त नको. मला हसू आलं. दुकानदार माणूस, त्याने कधी बेअरिंग भरलंय? ज्यांनी मला ग्रीस भरायला शिकवलं त्या म्हाताऱ्या फिटरचा, आमच्या वस्तादांचा, नियम आहे: जुनं कडेने बाहेर पडेपर्यंत नवं भरत राहायचं. कंजुषी केली की बेअरिंग जळतं. मी दोन नळ्या घेतल्या.

वस्तादांना सांगितलं. ते विडीवरची नजर न काढता म्हणाले, पोरा, ज्या यंत्राला ग्रीस भरायचं तोंड नाही, त्याला आपण हात लावत नाही. जुनी माणसं घाबरट असतात.

७ फेब्रुवारी, बुधवार

आज करणार होतो. पण ढगाळ होतं आणि ऑफिसात उजेड कमी. नाजूक कामाला उजेड लागतो.

तीनदा जाऊन लांबूनच बघून आलो. बाई म्हणाल्या, अरे, करतोस की नुसतं दर्शन घेतोस? म्हटलं, स्टडी चाललाय.

हाताला घाम सुटतोय. हवा दमट आहे.

उद्या नक्की. जेवणाच्या सुट्टीत, ऑफिस रिकामं असताना. घाबरून नाही, कामात कुणाची लुडबुड नको म्हणून.

८ फेब्रुवारी, गुरुवार

झालं. म्हणजे, केलं.

टॉर्च धरायला खोलीतल्या पहिलवानाला नेलं. पहिलवान म्हणजे काडी. आमच्याकडे गाड्या भरतो. पंख्याचे स्क्रू सुटले, पण ठोकळा हलेना. जुनं मलम सिमेंट झालेलं. मी ओढला. नाही. पाय टेबलाला लावून ओढला. आला! ठोकळ्याच्या बुडाला तो चौकोनही चिकटून आला. पहिलवान म्हणाला, इंजिनियर, हे पण यायचं असतं का रे? म्हटलं, हो, ह्या मॉडेलमध्ये येतं.

व्हिडिओत आलं नव्हतं.

चाकूने सोडवला. त्याच्या पोटाला केसाएवढ्या तारा, शेकड्यांनी, मुंग्यांच्या पायांसारख्या. त्यातल्या काही झोपलेल्या. पहिलवान म्हणाला, आमच्या काकांना लकवा झाला तेव्हा त्यांचं तोंड अस्संच एका बाजूला झालं होतं. त्याला गप्प बसवला. बाईंच्या ड्रॉवरमधली टाचणी घेतली आणि एकेक तार उभी केली. एक मोडली. शेकड्यांनी आहेत, एकीने काय होतं?

चौकोन परत त्याच्या खाचेत बसवला, मग मलम भरलं. एक नळी पुरली नाही म्हणून दुसरी. वर ठोकळा दाबल्यावर चारही बाजूंनी कसं छान बाहेर आलं! वस्ताद असते तर पाठ थोपटली असती. थोडं त्या खाचेतही उतरलं. म्हणजे आत-बाहेर सगळीकडून गारवा.

बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळा. पुन्हा दाबलं. काळा. पहिलवान म्हणाला, लई गार झाला बहुतेक.

बाई आल्या. म्हणाल्या, काय रे, झालं का? तोंडातून आपोआप गेलं, मलम ओलं आहे बाई, सुकायला वेळ लागतो. स्लॅब टाकल्यावर आपण लगेच नाचतो का?

बाईंना पटलं. मलाही पटलंय. सुकू दे.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

अजून ओलं आहे.

बाई, त्यांची मदतनीस आणि गेटवरचा रखवालदार, तिघं मिळून लेबलं हाताने लिहितायत. रखवालदाराचं अक्षर कोंबडीचे पाय. दोन ट्रक उभे. ड्रायव्हर विचारतो, कुठल्या शहाण्याने हात लावला? मी पण त्याच्या बाजूने म्हटलं, हो ना, कोण असेल.

जेवण गेलं नाही. डाळ खारट होती. साहेबांच्या बुटांचा आवाज आला की मी पट्ट्याखाली. सगळी बेअरिंगं आज दोनदोनदा भरून झाली, वस्ताद म्हणाले, ग्रीस काय तुझ्या सासऱ्याचं आहे?

दुपारी ताईचा फोन. घेतला नाही. पुन्हा आला. घेतला. कवळी तयार आहे, दोन्ही. डॉक्टर म्हणतात पैसे द्या आणि घेऊन जा. आईने मधूनच काहीतरी विचारलं. ताई म्हणाली, ती विचारतेय, तुझा आवाज असा का येतोय. म्हटलं, ऑफिसात एसी आहे, गारठलोय.

रंगाऱ्याची खाट अजून रिकामीच आहे. माझ्या शेजारची. आज पहिल्यांदा लक्षात आलं.

१० फेब्रुवारी, शनिवार

मेकॅनिक आला. माझ्याहून चार वर्षांनी मोठा असेल, खिशात ब्रश. मी कोपऱ्यातल्या कपाटाच्या बिजागरीला तेल देत उभा. त्या बिजागरीला आता जन्मभर तेल लागणार नाही.

त्याने ठोकळा उचलला आणि बघतच राहिला. मग हळूच माझ्याकडे बघितलं. माझ्या शर्टाच्या बाहीला मलम होतं. तो साहेबांना म्हणाला, प्रोसेसर जुना होता, गेला. असे जातात. नवा टाकतो. आणि मला डोळा मारला! असा देवमाणूस मी पाहिला नाही.

मग त्याने पंख्याच्या जाळीत बोट घातलं आणि पुठ्ठ्याच्या धुळीची गादी बाहेर काढली, टोपीचं अस्तर शिवता येईल एवढी. म्हणाला, दुखणं हे होतं. हवाच जात नव्हती. मलमाची काही तक्रार नव्हती. हवेच्या पाइपने एक फुंकर मारली असती तर काम झालं असतं.

हवेचा पाइप माझ्या खांद्यावर होता. रोज असतो.

त्याने तो मागून घेतला आणि फुंकर मारली. धुळीचा लोट उठला, साहेबांच्या अंगावर. साहेबांनी खोकत चष्मा काढला. रुमाल काढला. पुसायला लागले.

माझी पाचावर धारण बसली. डोळ्यांपुढे रंगाऱ्याची खाट. मी पुढे जाऊन हात जोडले आणि सगळं बोललो. ओढलं, पाय लावून ओढलं, तार मोडली, दोन नळ्या भरल्या, सुकायचं वगैरे खोटं, टाचणी बाईंची होती. पहिलवानाचंही नाव घेतलं. त्याचा काही संबंध नव्हता, पण आलं. आईचे दातही सांगितले. वरचे आणि खालचे.

मेकॅनिकने कपाळाला हात लावला.

साहेबांनी चष्मा घातला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, अरे, मी धूळ पुसत होतो.

१२ फेब्रुवारी, सोमवार

निकाल लागला. घरी पाठवत नाहीत. साहेब म्हणाले, स्वतःहून बोललास म्हणून. (बघा, मी मुद्दामच बोललो होतो.) नव्या प्रोसेसरचे निम्मे पैसे पगारातून कापणार. वाढ नाही. पण दर शनिवारी ऑफिसच्या कम्प्युटरवर हवा मारायची, तीही बाई समोर उभ्या असताना, आणि कशालाही हात न लावता. हात खिशात ठेवायचे, असं बाईंनी वेगळं सांगितलं. म्हटलं, मग पाइप कशाने धरू? त्या म्हणाल्या, एक खिशात.

म्हणजे कम्प्युटर खातं माझ्याकडे आलंच. दाजींना तसा मेसेज टाकला.

वस्तादांनी जवळ बोलावलं. विडी दिली. मी ओढत नाही, तरी घेतली.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

पगार झाला. कापून.

फोन केला. म्हटलं ताईला नीट समजावून सांगू: फोटोत वरचेच दात दिसतात, खालचे कुणी बघत नाही, आणि एकदम दोन्ही बसवले तर तोंडाला भार होतो, सवय हळूहळू लागलेली बरी. दोनदा मोठ्याने म्हणून पाठ केलं होतं. पण फोन आईनेच उचलला. मी काही बोलायच्या आधीच ती बोलत सुटली, ताई शेजारी नव्हती, तरी ह्या वेळी सगळं कळलं. म्हणाली, अरे, डॉक्टर म्हणतो सुटं सुटं पण देतो. मला वरचेच पुरे. खालच्या हिरड्या माझ्या दगडासारख्या आहेत. तू जेवतोस ना वेळेवर?

म्हटलं, हो. म्हटलं, आई, खालचे पुढच्या महिन्यात नक्की. साहेबांचा माझ्यावर विश्वास बसलाय.

मागून दाजींचा आवाज आला, त्या कम्प्युटर खात्याचं काय झालं विचारा त्याला. नेटवर्क खरंच गेलं.

वरच्या दातांसाठी पाठवतोय: पाच हजार चारशे.