हाकेला येणारं पाडस

८ जानेवारी १९९६

एकदाचा तंबू उभा राहिला. आधी दोनदा अंगावर कोसळला, मग शेजारच्या ज्वारीच्या रानातून लंकाबाई आल्या आणि त्यांनीच खुंट्या ठोकून दिल्या. दूध-भाकरी त्याच देणार आहेत, आणि सल्लेही, न मागता. कर्जतच्या पुढचा हा माळ म्हणजे नजर पोचेल तिथवर पिवळं गवत आणि मधूनमधून हिवराची झाडं. महिनाभर इथं राहून काळविटं कोणकोणतं गवत खातात ते बघायचं. याला काम म्हणायची मला लाज वाटते, इतकी मी खूश आहे. अशूला नगरला तिच्या बापाजवळ, सम्राटजवळ ठेवून आले. मी निघताना ती रडली तर नाहीच, टाटा करून सरळ शेजारच्या कुत्र्याची शेपटी ओढायला पळाली. चार वर्षांची पोर, पण भीती म्हणून कशाची नाही. बापाला वाटतं ती माझ्यावर गेली आहे.

११ जानेवारी

सकाळी स्टोव्हवर चहा ठेवून मान वर केली तर समोरच कळप. काळा नर मागे, माद्या पुढे, आणि एक पाडस थेट तंबूच्या दोरीशी येऊन मला निरखत होतं. तेवढ्यात लंकाबाई पत्र्याचा डबा बडवत बांधावरून धावत आल्या. सगळा कळप उड्या मारत पसार. मी चिडलेच. हरणं पिकात नव्हती, माळावर होती. त्यावर त्या म्हणाल्या, “पिकाचं न्हाई वो बाई. हरनानं मानसाला भ्यायलाच पायजे.” इथं लहानथोर सगळ्यांची हीच रीत आहे म्हणे. हरीण जवळ आलं की डबा वाजवायचा, डबा नसेल तर टाळ्या पिटायच्या. माझ्या तंबूपाशी तरी हे नको, असं मी हात जोडून सांगितलं. त्यांनी तोंड वाकडं केलं, पण दूध ठेवून गेल्या.

१५ जानेवारी

पाडस आता रोज येतं. आज तळहातावर हुरडा धरला, तो त्यानं खाल्ला. खरबरीत जीभ हातावर फिरली आणि मी एकटीच हसत सुटले. मादी आहे. हट्टी, घुसखोर, सारखं तोंडात काहीतरी हवं. अगदी अशूच. म्हणून नावही अशूच ठेवलं. लेकीची इतकी आठवण येते की दिवसातून कुणाला तरी त्या नावानं हाक मारल्याशिवाय करमत नाही. दुपारपर्यंत ते हाकेला यायलाही लागलं.

लंकाबाईंनी हाक ऐकली आणि हे नाव कुणाचं म्हणून विचारलं. लेकीचं म्हटल्यावर दुधाची चरवी बाजूला ठेवून त्या मटकन खालीच बसल्या. “भ्या कुठं जात न्हाई, बाई,” म्हणाल्या. “ह्याच्यातनं निघालं की ज्याचं नाव दिलं त्याच्यात शिरतंय.” पाडस मला परत भ्यायला लागेपर्यंत हाकला, असं बजावून गेल्या. त्यांच्यासमोर मी हसू दाबून ठेवलं. सम्राटला सांगेन तेव्हा मनसोक्त हसेन.

१९ जानेवारी

गावातल्या एसटीडीवरून घरी फोन केला. अशू कुकरच्या शिट्टीला घाबरते म्हणाला सम्राट. शेजारचा कुत्रा दिसला की पलंगाखाली जाऊन बसते. तो कुत्रा! आईची आठवण येत असेल, असं तोच म्हणाला. तसंच असेल.

परत आले तर पाडस तंबूत, माझ्या अंथरुणावर पाय दुमडून बसलेलं. मी पातेलं आपटलं तरी त्याचा कानही हलला नाही. आज त्याला हात लावावासा वाटला नाही.

२२ जानेवारी

अशू फोनवर बोललीच नाही. नुसता श्वास ऐकू येत होता, भरभर. मी नाव घेतलं आणि रिसीव्हर आपटल्याचा आवाज झाला. जेवताना सारखी मान वर करून कानोसा घेते म्हणे. सम्राटलाही जवळ येऊ देत नाही. डॉक्टरांनी आईकडे न्या म्हणून सांगितलं. सव्वीस तारखेच्या सुट्टीला तो तिला इथं आणणार.

मला निघून जाता आलं असतं. पण लंकाबाई म्हणतात, हाक मी मारली, तर हाकलायचंही मीच. त्यांच्याकडून एक जादा डबा मागून आणला. मला आता हसू येत नाही.

२४ जानेवारी

दिवसभर डबा बडवला. हललं नाही. काठी उगारली, ती त्यानं हुंगली. दुसऱ्या नावांनी हाका मारून बघितल्या. ढिम्म. आणि चुकून तोंडातून अशू निघालं की लगेच —

झोप नाही. भूक नाही. नुसत्या येरझाऱ्या.

२५ जानेवारी

दगड मारला. लागला. तरी लंगडत माझ्याकडेच आलं, हात चाटायला.

तशीच धावत फोनवर गेले. सम्राट रडकुंडीला आलेला. आत्ताच अशू एकाएकी किंचाळली म्हणे — आई, मारू नको.

दगड ह्याला लागला आणि भ्यायली ती. मी जितकं भिववेन तितकं सगळं तिच्याच —

येऊ नका म्हणून ओरडले. त्यानं ऐकलं नाही. म्हणाला, तुझंही काहीतरी बिघडलंय.

२६ जानेवारी, संध्याकाळ

आले. जीपमधून उतरली. केवढी वाळलीय. मी खाली बसून हात पुढे केला. एक पाऊल आली. दुसरं —

माझ्या मागून पाडस बाहेर आलं. लंकाबाई बांधावर होत्या. लेकराजवळ हरीण बघितलं आणि त्यांनी इथं सगळे करतात तेच केलं. डबा वाजवला.

पाडस तिथंच उभं. अशू पळाली. उड्या मारत. कळप उधळला त्याच्यात — धुरळा — मग काहीच दिसेना.

सम्राट गावातल्या माणसांना घेऊन पलीकडे शोधतोय. सगळे सांगून गेले, तू इथंच बस, हाक मार, आईचा आवाज ओळखेल. मारली. दर हाकेला हेच येतं. आता मांडीवर डोकं ठेवून बसलंय.

समोर गवतात काहीतरी लहान उभं आहे. लाल फ्रॉक. माझ्याकडेच बघतेय. मी उठले तर पळेल. म्हणून हलत नाही, नुसती लिहितेय. अंधार पडत चाललाय. हाक मारली तर —