झडपेवरची चिंधी

३ मार्च
पुन्हा ताप! सहावा आठवडा. आज लिफ्टच्या मशिनखोलीपर्यंत चार जिने चढलो आणि हातातून पानाच सुटला. कामावरचा जोडीदार म्हणाला, "अरे, तू तर दोन-दोन पायऱ्या गाळून चढणारा गडी!" गल्लीतले डॉक्टर म्हणतात – व्हायरल. सहा आठवडे कसलं आलंय व्हायरल? बायकोने उद्याची रजा परस्पर टाकली.

४ मार्च
मोठं हॉस्पिटल. एका चष्मेवाल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी छातीवर नळी ठेवली – उचलेचनात! मग प्रश्नांची सरबत्ती. लहानपणी हृदयाचं काही? नाही. दात काढला? नाही. नशेची इंजेक्शनं? "अहो, हे सुई बघूनच पांढरे पडतात!" – बायको. तीनदा रक्त घेतलं. तीनदा पांढरा पडलो.

६ मार्च
रक्तात जंतू निघाला. लगेच इको. पडद्यावर माझं हृदय! झडपेच्या दोन पातळ पाकळ्या – उघडतात, मिटतात, उघडतात. चाळीस वर्षं, मी घोरत असतानासुद्धा! ताप विसरून बघत राहिलो.
पण एका पाकळीला काहीतरी चिकटलंय. वाऱ्यातल्या चिंधीसारखं फडफडतंय. झडपेला जंतुसंसर्ग.
"तुकडा सुटला तर?"
चष्मेवाली म्हणाली, "मेंदूत जाऊ शकतो. म्हणूनच घाई."
"पण मलाच कसा? मी तर ठणठणीत!"
"बहुतेक तोंडातला जंतू. धडधाकट माणसाला सहसा होत नाही. पण होतं."

९ मार्च
शिरेतून औषध चालूच. झडप मात्र फाटलीय, गळतेय. उद्या ऑपरेशन. सर्जनबाई म्हणाल्या, हृदय थांबवू, तोवर मशिन रक्त फिरवेल. मशिन म्हटलं की एरवी मला धीर येतो. आज नाही आला.

१७ मार्च
आहे मी अजून!!

१९ मार्च
झडप बदलली नाही, शिवली. आतला तो चिमुकला पडदा, सुईदोऱ्याने! बायको म्हणते, सगळं सुरळीत झालं. खोकलो की ब्रह्मांड आठवतं.

२१ एप्रिल
शिरेतलं सहा आठवड्यांचं औषध संपलं, आज घरी सोडलं. निघताना सर्जनबाईंना म्हणालो, "हृदय थांबवलंत आणि पुन्हा चालू केलंत – कमालच!"
त्या म्हणाल्या, "दोनदा थांबलं होतं. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी, आपणहून. छाती परत उघडली. चार मिनिटं मी हाताने दाबून चालवलं."
बायको खिडकीबाहेर बघत होती. तिला ठाऊक होतं! इतके दिवस!
हात लहानसाच आहे सर्जनबाईंचा.